हुआ हिन बघायचं तर स्टेशनापासून सुरुवात करा

बँकॉकहून समुद्रावर जायचं म्हटलं की आपल्याकडचे टूरवाले पट्टाया नाहीतर फुकेत पुढे करतात. हुआ हिन हे नाव घेतलं तर बरेच जण विचारात पडतात. थाई माणसाला विचारा, तो मात्र लगेच ओळखीचं हसतो. त्याच्या आजोबांनीही उन्हाळ्याची सुट्टी तिथेच काढलेली असते. बँकॉकपासून नैऋत्येला साधारण दोनशे किलोमीटर, थायलंडच्या आखाताच्या पश्चिम काठावर, प्रचुआप खिरी खान प्रांतात हे गाव आहे. किनारा पूर्वेला तोंड करून असल्यामुळे सूर्य इथे समुद्रातून उगवतो.

मी नोकरीची सगळी वर्षं रेल्वेत काढली, तीही रुळांच्या देखभालीत. त्यामुळे माझं म्हणणं थोडं एका बाजूचं वाटेल, पण ते मी ठामपणे मांडतो. हुआ हिन रेल्वेने घडवलं, आणि स्टेशनातून निघून समुद्राकडे चालत गेलात तरच ते कळतं. बसने थेट रिसॉर्टच्या दारात उतरलात तर चांगली वाळू आणि चांगली खोली मिळेल, पण गाव मात्र बघायचं राहून जाईल. म्हणून मी सांगतो त्या क्रमाने बघा. दोन मुक्काम पुरतात. तिसरा मिळाला तर लांबच्या गुहेला जाता येतं.

आधी गाडी

विमानातून उतरल्यावर सुवर्णभूमी विमानतळावरून हुआ हिनला थेट बस आहे. चार तासांच्या आसपास लागतात. सामान फार असेल किंवा बरोबर लहान मूल असेल तर ती घ्या, माझी हरकत नाही. बँकॉकच्या बसस्थानकांवरून मिनीव्हॅनही सुटतात. त्या वेगात जातात, पण पाय आखडतात आणि बॅगेला जागा नसते.

जमत असेल तर रेल्वेनेच जा. दक्षिणेच्या लांब पल्ल्याच्या एक्सप्रेस गाड्या 2023 पासून क्रुंग थेप अभिवत या नव्या टर्मिनसवरून सुटतात. साध्या गाड्या मात्र अजून जुन्या हुआ लामफोंग आणि थोनबुरी स्टेशनांवरून निघतात. एक्सप्रेसमध्ये एसी मिळतो, बंद काच मिळते, वेळही वाचतो. साध्या गाडीचा थर्ड क्लास अगदी स्वस्त आहे. खिडक्या उघड्या असतात, वर पंखे असतात, आणि विक्रेते डब्यातून फिरत असतात. चार-पाच तासांची तयारी असेल तर मी साध्या गाडीकडेच बोट दाखवीन. साध्या गाडीचं तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळतं. एक्सप्रेसचं आधी काढलेलं बरं, विशेषतः शुक्रवारी आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी, कारण अर्धं बँकॉक त्या दिशेला निघालेलं असतं.

थोनबुरीहून निघालात तर तुम्ही मूळ वाटेने चाललात. थोनबुरी ते फेचबुरी हा मार्ग 1903 साली सुरू झाला. चाओ फ्राया नदीवर रेल्वेचा पूल तेव्हा नव्हता. राम सहावा पूल 1927 साली झाला. (राम हे थायलंडच्या या राजघराण्यातल्या राजांना क्रमाने दिलेलं नाव, सहावा राम म्हणजे सहावा राजा.) तोवर दक्षिणेच्या प्रवाशाला होडीने नदी ओलांडून पलीकडच्या काठावर गाडी पकडावी लागे. आणखी एक गंमत माझ्यासारख्या रूळवाल्यालाच कळेल. त्या काळी उत्तरेकडच्या मार्गावर दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, 1435 मिलिमीटर होतं आणि दक्षिणेकडे 1000 मिलिमीटर, म्हणजे आपला मीटर गेज. एकाच देशात दोन गेज आणि दोन वेगळी रेल्वेखाती. पुढे सगळा देश मीटर गेजवर आला. आपल्याकडे मीटर गेज जवळजवळ संपला, तिथे तो मुख्य मार्ग आहे. माझी नोकरी मीटर गेजवर सुरू झाली होती. त्या रुळांवरून लांब गाडी पळताना बघून मला काय वाटलं, ते रेल्वेतल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

वाटेत काय बघायचं तेही सांगतो. नाखोन पथोमला स्टेशनातूनच फ्रा पथोम चेदी या स्तूपाचा प्रचंड केशरी-पिवळा घुमट दिसतो. त्यानंतर नोंग प्लादुक हे जंक्शन येतं. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी ब्रह्मदेशाकडे नेलेली रेल्वे इथूनच फुटते. तिच्या बांधकामावर युद्धकैद्यांच्या जोडीने आशियातले हजारो मजूर मेले, त्यांत मलायातले तमिळ कामगार फार होते. गाडी थांबते तेवढा वेळ त्यांची आठवण ठेवा. रातचबुरीला माए क्लोंग नदी ओलांडताना शेजारी नवा पूल दिसेल. महायुद्धातले न फुटलेले बॉम्ब नदीच्या तळाशी असल्यामुळे दुहेरी मार्गाचा हा पूल पात्रात खांब न रोवता केबलांच्या आधाराने नेला आहे. फेचबुरीला टेकडीवर मोंगकुट राजाचा राजवाडा दिसतो, खाओ वांग म्हणतात त्याला. फेचबुरीची मो केंग नावाची मिठाई मिळाली तर घ्या. अंडी, नारळाचं दूध आणि ताडगूळ घालून भाजलेली असते, वरचा थर खरपूस. अंडं चालत नसेल तर मात्र तिच्या वाटेला जाऊ नका.

स्टेशनात घाई करू नका

डिसेंबर 2023 पासून गाड्या नव्या उन्नत स्टेशनात थांबतात. ते मोठं आहे, सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, वयस्कर माणसांची सोय झाली. पण खाली उतरून सरळ रिक्षाकडे जाऊ नका. जुनं स्टेशन शेजारीच जपून ठेवलं आहे. आताची लाकडी इमारत 1926 ची, फिकट पिवळा आणि लाल रंग, उतरतं छप्पर. त्यापासून थोडं अलीकडे राजघराण्याचा प्रतीक्षामंडप आहे. सहाव्या रामाच्या काळातला हा मंडप मुळात नाखोन पथोमच्या राजवाड्याजवळ होता. तो सुटा करून इथे आणून परत उभारला.

या मंडपापाशी थोडा वेळ द्या. छपराच्या टोकांना थाई देवळाची वळणं आहेत आणि खाली कठड्यांना युरोपी नक्षी. लाल रंग पाठपोट दिलेला आहे. मी कठड्याशी वाकून जोड बघितले. एक लाकूड दुसऱ्यात बसवताना सुताराने घेतलेली काळजी रंगाच्या थरांखालूनही दिसते. फोटो काढणाऱ्यांची गर्दी दुपारी असते. सकाळी आठच्या आधी गेलात तर मंडप तुमचा एकट्याचा. आठ वाजता आणि संध्याकाळी सहा वाजता राष्ट्रगीत वाजतं. तेव्हा सगळे जागच्या जागी उभे राहतात, तुम्हीही राहा.

आवारात जुनं वाफेचं इंजिनही ठेवलं आहे. नातवंडं बरोबर असतील तर तिथून त्यांना हलवताना नाकी नऊ येतील.

गावाची जन्मकथा

आता समुद्राकडे चालायच्या आधी जरा इतिहास ऐका, म्हणजे नकाशा आपोआप उलगडतो. 1834 च्या सुमाराला फेचबुरीकडे दुष्काळ पडला, तिथली काही शेतकरी कुटुंबं दक्षिणेला सरकली आणि खडकांच्या रांगेजवळच्या या पांढऱ्या वाळूवर स्थिरावली. पुढची पाऊणशे वर्षं इथे मासेमारी आणि थोडी शेती, याखेरीज काही नव्हतं. 1909 साली सयामने, म्हणजे तेव्हाच्या थायलंडने, ब्रिटिशांशी तह केला. मलायातल्या चार संस्थानांवरचा हक्क सोडला, आणि त्याच व्यवहारात दक्षिणेच्या रेल्वेसाठी चाळीस लाख पौंडांचं कर्ज मिळालं. त्या पैशातून रूळ खाली सरकत गेले. 1911 साली ते हुआ हिनला पोचले, 1918 मध्ये मलायाच्या सरहद्दीला जाऊन भिडले.

रूळ आले तसे राजपुत्रही आले. नरेश नावाच्या राजपुत्राने पहिल्यांदा किनाऱ्यावर वाडा बांधला. बंदराजवळचा नरेशदामरी रस्ता त्याच्याच नावाचा. पण या गावाला आकार देणारा माणूस दुसरा, राजपुत्र पुरछत्र. चुलालोंगकोर्न राजाचा हा मुलगा इंग्लंडमध्ये इंजिनिअरिंग शिकून आला. 1917 साली उत्तर आणि दक्षिण ही दोन्ही रेल्वेखाती एकत्र झाली, त्या एकत्रित रेल्वेचा तो प्रमुख. सयाममध्ये डिझेल इंजिनं 1928 साली आली ती त्याच्याच कारकिर्दीत. मी आयुष्यात बरेच साहेब पाहिले. रेल्वे म्हणजे फक्त रूळ नव्हेत, माणसाला गाडीत बसावंसं वाटेल असं काही दुसऱ्या टोकाला उभं करायला हवं, हे त्याला नेमकं कळलं होतं.

म्हणून त्याने रेल्वेच्याच पैशाने किनाऱ्यावर हॉटेल बांधलं. 1923 साली ते सुरू झालं, आराखडा इटालियन वास्तुविशारदाचा. पुढच्याच वर्षी, 1924 मध्ये, रुळांच्या पश्चिमेला गोल्फचं मैदान झालं. रेल्वेतल्याच ए. ओ. रॉबिन्स या स्कॉटिश इंजिनिअरने ते आखलं. देशातलं हे पहिलं नियमाबरहुकूम गोल्फ मैदान. आता स्टेशनात उभं राहून बघा. पाठीमागे मैदान, पुढे दामनोएन कासेम नावाचा सरळ रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला समुद्र व हॉटेल. सगळं एका रेषेत आहे. गाडीतून उतरलेल्या माणसाला वाट विचारायची गरज पडू नये, अशी ही आखणी आहे.

हा रस्ता चालतच जा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. मध्ये फेतकासेम हा हमरस्ता ओलांडावा लागतो. गाड्या वेगात असतात, सिग्नलवरच ओलांडा.

जुनं रेल्वे हॉटेल आज सेंटारा ग्रँड या नावाने चालतं. तिथे राहणं खर्चिक आहे, पण जुन्या लॉबीतल्या चहाच्या खोलीत बसून चहा घ्यायला कोणाची आडकाठी नाही. लांब व्हरांडे, सागवानी जिने, उंच छत, खाली लाकडी जमीन. बागेत झुडपं कापून हत्ती आणि इतर प्राणी केले आहेत. व्हरांड्याची रुंदी बघा. दुपारचं ऊन खोलीपर्यंत पोचत नाही आणि समुद्राचा वारा मात्र आरपार जातो. पंखे-एसी नसतानाच्या काळातली ती अक्कल आहे.

राजा, राजवाडा आणि एक इंजिन

गावाच्या उत्तर अंगाला क्लाइ कांगवोन राजवाडा आहे. प्रजाधिपोक राजाने, म्हणजे सातव्या रामाने, तो 1926 पासून बांधून घेतला. 24 जून 1932 ला बँकॉकमध्ये सैनिक आणि सनदी अधिकाऱ्यांच्या एका गटाने सत्ता हातात घेतली, अनिर्बंध राजेशाही संपली, त्या दिवशी राजा इथेच होता. बँकॉकमधले बडे राजपुत्र पहाटे पकडले गेले. पुरछत्र तेवढा निसटला. तो रेल्वेचं इंजिन घेऊन निघाला आणि राजाला खबर द्यायला हुआ हिनकडे आला. मला ही हकीकत कळली तेव्हा मी त्या वाटेचा नकाशा पुन्हा उघडून बसलो. तुम्ही गाडीत बसून आलात तीच वाट, तेच रातचबुरी, तेच फेचबुरी.

राजाला न्यायला युद्धनौका आली होती. तो तिच्यातून गेला नाही, रेल्वेने बँकॉकला परतला आणि राज्यघटना मान्य केली. पुरछत्राने नंतर देश सोडला. 1936 साली सिंगापूरला तो वारला.

या राजवाड्यात आजही राजघराण्याचा वावर आहे. त्यामुळे आत जायचा बेत करू नका. भूमिबोल राजाने आयुष्याची शेवटची काही वर्षं बरीचशी इथे काढली. 1950 मध्ये लग्नानंतरही तो राणीबरोबर इथेच आला होता. हा राजा उत्तम शिडबहाद्दर. 1966 च्या एप्रिलमध्ये एका माणसाच्या छोट्या शिडाच्या होडीतून तो एकटा हुआ हिनहून आखात ओलांडून सत्ताहिपला गेला, सतरा तास लागले. किनाऱ्यावर उभं राहून समोरचं पाणी बघितलं की ते धाडस कळतं. राजघराण्याविषयी बोलताना, फोटो काढताना जीभ आणि हात जपा. थायलंडचा कायदा त्या बाबतीत फार कडक आहे आणि लोकांचं प्रेमही खरं आहे.

आत जाऊन बघता येतो तो दुसरा राजवाडा, मारुखथायावन. उत्तरेला चा-आमच्या बाजूला आहे, टॅक्सीने वीस-पंचवीस मिनिटं. वज्रावुध राजाने, म्हणजे सहाव्या रामाने, 1923-24 मध्ये तो बांधला. आराखडा एर्कोले मानफ्रेदी या इटालियनाचा. सबंध राजवाडा सागवानी, 1080 खांबांवर उचललेला, आणि इमारती एकमेकींना लांबलचक छपराच्या वाटांनी जोडलेल्या. एक वाट थेट समुद्रावरच्या स्नानमंडपापर्यंत जाते. राजाचं दुर्दैव असं की दोन उन्हाळ्यांपलीकडे त्याला इथे राहता आलं नाही. 1925 च्या नोव्हेंबरात तो गेला.

इथे सगळे वर बघतात. तुम्ही खाली बघा. प्रत्येक खांबाच्या पायाशी सिमेंटची चौकोनी जोती आहे आणि तिच्या सभोवती ओंजळभर पाणी राहील असा चर. चरात पाणी भरलं की मुंग्या खांबावर चढू शकत नाहीत. सागवानाचा आख्खा राजवाडा एवढ्याशा पाण्याने राखला. आपल्याकडे दुधाच्या पातेल्याखाली पाण्याची परात ठेवतात, तोच उपाय. रुळांखालच्या लाकडी स्लीपरना वाळवीपासून वाचवायला आम्ही काय काय केलं ते आठवून मी खांबाखांबांशी थांबत होतो. बायको पुढे समुद्रापर्यंत जाऊन परत आली तरी मी तिथेच.

जायच्या आधी दोन गोष्टी. राजवाडा बुधवारी बंद असतो, आणि दुरुस्तीमुळे काही भाग अधूनमधून बंद ठेवतात. कोणता भाग उघडा आहे ते हॉटेलवाल्याला फोन करून विचारायला सांगा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. हाफ पँट घालून गेलात तर दारात गुंडाळायला कापड घ्यावं लागेल. परतीचं वाहन थांबवूनच ठेवा, कारण परिसर पोलिस छावणीच्या आत आहे आणि बाहेर सहज टॅक्सी मिळत नाही.

किनारा

हॉटेलसमोर पाण्यात गोल, गुळगुळीत खडक आहेत. पहिला फोटो तिथलाच होतो. तिथून दक्षिणेला खाओ ताकियाबच्या टेकडीपर्यंत पाच-सहा किलोमीटर वाळू. पण भरती-ओहोटी बघूनच चालायला निघा. भरतीला पाणी भिंतींपर्यंत येतं आणि चालायला जागा उरत नाही. ओहोटीला वाळू इतकी घट्ट असते की म्हातारी माणसंही आरामात चालतात. पहाटे ओहोटी असेल तर सोन्याहून पिवळं. समोर सूर्य, पायाखाली ओली वाळू.

वाळूवर तट्टं घेऊन माणसं फिरत असतात. बसायचं असेल तर किती वेळाचे किती बाट (थाई चलन) हे आधी बोटांवर ठरवा, मग रिकिबीत पाय घाला. पाणी उथळ आहे, मुलांसाठी चांगलं. पावसाळ्यात जेलीफिश येतात, त्या दिवसांत स्थानिक लोक पाण्यात उतरत नसतील तर तुम्हीही उतरू नका. किनाऱ्यावर सिगारेट ओढायला बंदी आहे, दंड जबर आहे.

खाओ ताकियाबला देऊळ आहे आणि पायथ्याशी समुद्राकडे तोंड करून उभा असलेला उंच सोनेरी बुद्ध. पायऱ्यांवर माकडं. हातात पिशवी, डोळ्यांवर चष्मा, खिशाबाहेर मोबाइल, यांतलं काही दिसलं की ती झडप घालतात. खायला देऊ नका. गावातून तिकडे फेतकासेम रस्त्यावरून हिरव्या सोंगथेव जातात. मागे दोन बाकं टाकलेल्या या शेअर गाड्या दिवसा दहा-वीस बाटमध्ये सोडतात. उतरायचं असलं की घंटीचं बटण दाबा, पैसे उतरून ड्रायव्हरला द्या.

सबंध गाव एका नजरेत बघायचं असेल तर पश्चिमेची खाओ हिन लेक फाइ टेकडी. संध्याकाळी जा. गोल्फ मैदान, रूळ, रस्ता, समुद्र, मी वर सांगितलेली रेषा तिथून स्पष्ट दिसते.

खाणं आणि बाजार

चाचाय बाजार सकाळी बघा. सातव्या रामाच्या काळात बांधलेल्या या मंडईच्या छपराला सात कमानी आहेत. मासे, भाज्या, तयार जेवण, सगळं एका छताखाली. संध्याकाळी देचानुचित रस्त्यावर रात्रबाजार भरतो. तिथे खाण्याचे आणि कपड्यांचे स्टॉल लागतात. मासे खाणाऱ्यांना सांगायला नकोच. बर्फावर मांडलेल्या कोळंबीतून आपली निवडा, वजन करून भाव विचारा, मग भाजायला द्या. भाव किलोचा आहे की शंभर ग्रॅमचा, ते पाटीवर वाचा.

शाकाहारी मंडळींनी एक शब्द पाठ करावा, "जे". पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं की तिथे मांस-मासे नाहीत, अंडं नाही, आणि कांदा-लसूणही नाही. बाकीकडे नुसतं "भाजी द्या" म्हणून भागत नाही, कारण नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी, मिठासारखं सगळ्यात पडतं. "माय साय नाम प्ला" म्हणा, ते घालत नाहीत. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात मात्र सगळ्यांना चालतो. आमच्या बायकोचं रात्रीचं जेवण पुष्कळदा तेच असायचं. एप्रिल-मेमध्ये आंबा सगळ्यात गोड.

शुक्रवार ते रविवार मुक्काम असेल तर संध्याकाळ सिकाडा मार्केटला द्या. झाडांखाली कलाकारांचे स्टॉल, छोट्या रंगमंचावर गाणं. रात्रबाजारापेक्षा मला तोच जास्त आवडला, कारण वस्तू बनवणारा माणूस स्वतः समोर बसलेला असतो.

रात्री मासळीच्या धक्क्याकडे फिरून या. दूर पाण्यावर हिरव्या दिव्यांची रांग दिसते. त्या माखूळ पकडणाऱ्या बोटी. उजेडाला माखूळ वर येतं, म्हणून ते दिवे.

लांबची गुहा

तिसरा दिवस असेल तर दक्षिणेला साधारण साठ किलोमीटरवर खाओ साम रोय योत राष्ट्रीय उद्यान. 1966 साली घोषित झालेलं, चुनखडीच्या सुळक्यांनी भरलेलं. तिथली फ्राया नाखोन गुहा बघायला लोक जातात. छत कोसळून वर मोठी भोकं पडली आहेत, त्यांतून ऊन आत येतं, आणि उन्हात उभा असतो एक सुंदर छोटा मंडप. चुलालोंगकोर्न राजाच्या 1890 च्या भेटीसाठी तो बँकॉकला तयार केला आणि इथे आणून जोडला. सकाळी साडेदहाच्या आसपास ऊन मंडपावर येतं. म्हणून गावातून सातला निघा.

बांग पू किनाऱ्यावरून होडी घेऊन लेम सालाच्या वाळूवर उतरायचं, किंवा टेकडी ओलांडून चालत जायचं. होडीच घ्या. त्यानंतर साडेचारशे मीटरच्या आसपास चढ. अंतर थोडं वाटतं, पण खडक अणकुचीदार आहेत आणि घाम निथळतो. पट्ट्याची चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत, माणशी लीटरभर पाणी हवं. गुडघे दुखत असतील तर खाली वाळूवर सुरूच्या झाडांखाली बसा, तिथेही छान आहे. परदेशी माणसाला उद्यानाचं तिकीट लागतं. होडीचे पैसे वेगळे, ते रोख न्या.

कधी जायचं, काय लक्षात ठेवायचं

पश्चिमेच्या डोंगररांगेमुळे इथे पाऊस थायलंडच्या मानाने कमी. तो पडतो मुख्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात. डिसेंबर मध्यापासून मार्चपर्यंतचे दिवस उत्तम. एप्रिलच्या 13 ते 15 तारखांना सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा सण असतो, गाड्या आणि खोल्या महिना-महिना आधी भरतात.

थायलंडमध्ये उतरण्यापूर्वी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन आगमन अर्ज भरावा लागतो. तो फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नका. व्हिसाचे नियम बदलत राहतात, तिकीट काढायच्या आधी थाई वकिलातीच्या पानावर बघून घ्या. स्कूटर भाड्याने घ्यायची तर आंतरराष्ट्रीय परवाना आणि हेल्मेट दोन्ही हवेत, एरवी अपघात झाला की विमा हात वर करतो.

परतीचं एक्सप्रेसचं तिकीट हुआ हिनला पोचल्या पोचल्याच काढा. रविवारी दुपारनंतरच्या गाड्या सगळ्यात आधी भरतात. वेळ हातात असेल तर परतण्याऐवजी त्याच मार्गाने दीडेक तास आणखी दक्षिणेला, प्रचुआप खिरी खानला जा. तिथून जवळच वा को आहे. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास सूर्यग्रहण मोंगकुट राजाने स्वतः गणित करून आधी सांगितलं होतं, आणि ते बघायला त्याने वा कोला तळ ठोकला. सिंगापूरच्या ब्रिटिश गव्हर्नरालाही बोलावलं. त्याच ग्रहणाची सावली आपल्या देशावरूनही गेली आणि गुंटूरला जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचा अभ्यास केला. राजाचं गणित अचूक ठरलं. पण वा कोच्या दलदलीत त्याला हिवताप झाला आणि ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला तो वारला. वा कोला आता विज्ञान केंद्र आणि मत्स्यालय आहे, शाळकरी मुलांना घेऊन जाण्यासारखं. प्रचुआप स्टेशनाबाहेर तिकडे नेणाऱ्या रिक्षा मिळतात. जायचं-यायचं भाडं आधीच ठरवून घ्या आणि रिक्षा थांबवून ठेवा.